शेवटची सोडा, बाकीच्या टाका

रविवार, १६ नोव्हेंबर

कुस्त्यांचं मैदान पार पडलं. यंदाचं तिसरं, आणि बंगळुरात बनशंकरीतल्या हॉलमध्ये पहिल्यांदाच पार मागच्या रांगांपर्यंत माणसं बसली होती. माझा नवरा दामोदर म्हणतो, त्यातले निम्मे एसीसाठी आले होते. म्हणू दे. तिकीट काढून आले होते ना, मग कशासाठी का येईनात.

निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात, मी कुस्त्या लावते, याचं आमच्या सोसायटीला अजून नवल वाटतं. दोष सगळा मल्लाप्पा अण्णांचा. आमच्या सरकारी कारखान्याच्या संघातले ते पैलवान आणि मी खरेदी विभागात. नोकरी संपल्यावर त्यांनी शहराबाहेर आनेकलला मुलींची तालीम काढली आणि एके दिवशी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "अक्का, पोरी तयार हाईत, पन त्यांची कुस्ती बघाय कोन येत न्हाई. कायतरी करा की." उभा जन्म बेअरिंगं आणि सळया विकत घेतलेली बाई दुसरं काय करणार, मी हॉल घेतला.

शेवटची कुस्ती अण्णांच्या लेकीची, महानंदाची आणि हावेरीकडच्या कल्पनाची होती. महानंदा हरली. एका परीनं बरंच झालं, नाहीतर गदा घरच्या घरी वाटली म्हणून लोकांनी तोंडसुख घेतलं असतं. मला त्या कुस्तीत क्षणाची उसंत नव्हती. मागच्या दारापाशी एक घोळका मोबाइल वर धरून उभा होता आणि मी एकेकाचा हात खाली करत फिरत होते. आमचा नियमच आहे, शूटिंग फक्त आपला प्राणेश करणार. प्राणेश आनेकलचा लग्नाचा व्हिडिओवाला, मूळचा निपाणीकडचा.

रात्री जेवताना देवश्रीनं पुन्हा तोच विषय काढला. लेक हेब्बाळच्या कंपनीत असल्यामुळे आईला मार्केटिंग शिकवणं हे ती आपलं कर्तव्य मानते. "आई, सगळ्या फाइट्स फ्री अपलोड कर. लोकांनी कधी बघितलंच नाही तर ते तिकीट का काढतील? मिठाईवालासुद्धा चाखायला देतो."

मी म्हटलं, "चाखायला देतो. डबा भरून घरी पोचवत नाही."

"ओल्ड स्कूल आहेस तू."

असेन. फुकट मिळालं की माणूस खुर्चीवरून हलत नाही, हे मी साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांत पाहिलंय. दामोदरनं कोणाचीच बाजू घेतली नाही, तो वरणात लिंबू पिळत बसला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कोणीतरी चोरून घेतलंच. एवढा पहारा ठेवूनसुद्धा.

शेवटच्या कुस्तीचा एक छोटा तुकडा सगळीकडे फिरतोय. मागच्या दारातूनच घेतलेला, अर्ध्या चित्रात कोणाचं तरी डोकं. महानंदानं कल्पनाला खाली धरलंय, आता पाठ लागणार असं वाटत असतानाच ती हात ढिले सोडते. कल्पना उलटते आणि वर बसते. संपलं. तुकड्याला ऐंशी हजार लोकांनी पाहिलंय. आमच्या हॉलमध्ये त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नव्हते. तरी देवश्री म्हणते फुकट दाखव.

खाली लोकांनी काय वाटेल ते लिहिलंय. नुरा कुस्ती म्हणे, म्हणजे दोघींनी आधीच ठरवून खेळलेली. मल्लाप्पा अण्णांच्या मुलीवर असला आळ घ्यायचा म्हणजे हद्द झाली. पण लोकांच्या जिभेला हाड नसतं, आठ दिवसांत विसरतील. चोरीचं मात्र मी विसरणार नाही. दुपारभर बसून रीतसर तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत तुकडा काढायला लावला. खरेदी विभागात असताना पुरवठादार मला उगीच टरकून नव्हते.

देवश्री म्हणाली, "आई, आता उलट जास्त सस्पिशस दिसेल."

तिला काय कळतंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तुकडा पुन्हा आलाय, एकाचे वीस झालेत. आता खाली लिहिलंय, 'आयोजकांनी काढून टाकला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.' देवश्री काही बोलली नाही. न बोलण्याची एक तऱ्हा असते, तशी बोलली नाही.

आनेकलला जाऊन आले. तालमीत मुली कमी दिसल्या. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "आयबाप पाठवंनात. म्हनत्यात, तिथं नुरा शिकिवत्यात." आणि दुसरी गोष्ट त्यांनी मला दारापाशी नेऊन हळू आवाजात सांगितली. राज्याच्या शिबिरासाठी महानंदाचं नाव जवळजवळ पक्कं होतं, ते निवड समितीनं बाजूला ठेवलंय. चौकशी होईपर्यंत प्रवेश नाही आणि शिबिर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतंय. या शिबिरासाठी ती पोरगी दहावीपासून मरमर करतेय.

"तुम्ही विचारलंत का तिला?" मी म्हटलं.

"इचारलो. सुटली म्हनती हातातनं." अण्णा जमिनीकडे बघत राहिले. "त्याच्याम्होरं मीबी बोललो न्हाई, तीबी बोलली न्हाई."

बाप-लेक एकाच घरात राहून पाच दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. महानंदा आत एकटीच दोर चढत होती. मला बघून खाली आली, पाणी दिलं. मीही विचारलं. मलाही तेच सांगितलं, सुटली. मग जरा वेळानं म्हणाली, "काकू, मैदानाचा व्हिडिओ कधी येनार?"

मला तिची कीवच आली. या वयाच्या मुलींना कसल्याही प्रसंगात आपला व्हिडिओ हवाच असतो. तिला समजावलं, की बाळा, आपला व्हिडिओ फुकट येणार नाही, मी एका अ‍ॅपवाल्यांशी बोलतेय, पैसे भरून बघणारे बघतील. ती "सरी काकू", म्हणजे बरं, एवढं म्हणाली आणि पुन्हा दोराकडे गेली. गुणी मुलगी आहे, हट्ट करत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हेब्बाळला अ‍ॅपवाल्यांच्या कचेरीत गेले. उड्डाणपुलावर रिक्षा तासभर जागची हलली नाही. रिक्षावाला दर दोन मिनिटांनी "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अम्मा", जरा सांभाळून घ्या, म्हणत होता, जणू मीच पुलावर गाड्या उभ्या केल्या होत्या.

तिथला मुकुल नावाचा मुलगा मुंबईचा निघाला. मराठी ऐकून एकदम घरच्यासारखा वागायला लागला. शेवटची कुस्ती त्यांना हवीय, फक्त ती अख्खी कुठेही आधी दिसलेली नसली पाहिजे. "बाकीच्या फाइट्समध्ये आम्हाला इंटरेस्ट नाही काकू, पण फायनल एकदम हॉट आहे. ही काँट्रोव्हर्सी म्हणजे गोल्ड आहे. आम्ही टायटलच देणार, 'ती खरंच हरली का?' लोक पैसे देऊन बघणार."

तीन वर्षं जे सांगत होते ते शेवटी एका कंपनीला पटलं. मी खूश व्हायला हवी होते. बाहेर आले तेव्हा तोंड कडू झालं होतं. त्यांच्या कॉफीमुळे असेल, यंत्राची होती. विचार करून सांगते म्हटलंय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

निवड समितीकडे स्वतः गेले. तीन गृहस्थ होते, सगळे माजी पैलवान, अतिशय सभ्य. आम्ही काही लपवत नाही हे दाखवायला प्राणेशनं तयार करून दिलेली शेवटच्या कुस्तीची फिल्म घेऊन गेले होते. सोबत महानंदा आणि अण्णाही होते.

फिल्म लावली. प्राणेशला मी किती वेळा सांगितलंय, पण लग्नाची सवय त्याच्या हाडात भिनलीय. सुरुवातीला दोघी मुली दोन गुलाबांतून उमलतात. पुढे हॉलचा सगळा आवाज काढून त्यावर हलगी लावलेली. कल्पना जिंकते तेव्हा वरून पाकळ्या पडतात. समितीतल्या एकानं विचारलं, "लग्न कोणाचं आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो प्रसंग त्यांनी चारदा पाहिला. शेवटी त्यांच्यातले वयस्कर म्हणाले, "बाई, जे मोबाइलवर दिसतं तेच यातही दिसतंय. मुलीनं हात सोडला. का सोडला, ते तिनं सांगावं."

सगळ्यांनी महानंदाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. हलगी चालू झाल्यापासून तिचा चेहरा असा काही उतरला होता की मला वाटलं तिला त्या पाकळ्यांची लाज वाटतेय. "सुटली," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात निर्णय कळवतील. परतीच्या बसमध्ये अण्णा एका बाकावर आणि ती दुसऱ्या.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल आणि आज घरात युद्ध. देवश्री म्हणते, "आई, एक मुलगी बाहेर बदनाम होतेय आणि तू कंटेंट लॉक करून बसलीयस." मी म्हणते, समितीला दाखवला की मी, आणखी काय करू? त्यातून काही निघालं नाही यात माझा काय दोष? आणि अख्खी कुस्ती फुकट वाटून लोकांना आणखी चघळायला का द्यायची?

दामोदर एरवी ताकास तूर लागू देत नाही, तोही आज म्हणाला, "हेमा, कुठल्या लोकांपासून वाचवतेयस ती कुस्ती? ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यापासून, का ज्यांनी चुकीची पाहिली त्यांच्यापासून?"

रडारची डिझाइनं करून माणसाला असं कोड्यात बोलायची खोड लागते. पण मी काही दगड नाही. संध्याकाळी गांधी बझारात भाजी घेता घेता मधला मार्ग सुचला. बाकीच्या सगळ्या कुस्त्या फुकट दाखवायच्या. चांगल्या मुली आहेत, लोकांना तालीम कशी आहे ते दिसेल, आयबापांची भीती जाईल. फक्त शेवटची तेवढी अ‍ॅपवाल्यांसाठी राखून ठेवायची. माझ्या दृष्टीनं ही केवढी माघार आहे हे या घरात कोणाला कळणार नाही.

तिथूनच प्राणेशला फोन लावला. तो कुठल्याशा हळदीत होता, मागे बँड. मी एका हातात अवरेकाळूच्या शेंगांची पिशवी धरून ओरडून सांगितलं, "शेवटची सोडा, बाकीच्या टाका. आजच करा. आणि तुमची ती हलगी, गुलाब, काही लावू नका. आहे तसं." तो म्हणाला, "सरी अक्का, रात्री करतो." मोकळी झाले. मुकुलला उद्या हो म्हणून कळवीन.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजचा दिवस कसा लिहू ते समजत नाही. क्रमानं लिहिते.

सकाळी चहा गाळत होते, देवश्रीनं मागून येऊन मिठीच मारली. "आई, आय अ‍ॅम सो प्राउड ऑफ यू. तू टाकलीस." म्हटलं, सांगितलं होतं की मी, थोडी लवचीक मीही आहे. मग तिनं फोन पुढे धरला. शेवटची कुस्ती. अख्खी, पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत, फुकट, सगळ्या जगाला. बाकीची एकही नाही.

प्राणेश तिसऱ्या फोनला सापडला. मुहूर्त आणि जेवण यांच्या मधल्या फटीत.

"प्राणेश, हे काय करून ठेवलंत?"

"काय अक्का? तुमीच सांगितलासा की. शेवटची सोडा. सोडलो."

"सोडा म्हणजे सोडून द्या. वगळा. ती सोडून बाकीच्या टाका म्हटलं मी."

"व्हय की. बाकीच्या टाकलो."

"कुठे टाकल्यात? दिसत नाहीत."

"डिलीट केलो न्हवं. टाका म्हनलासा."

मी खाली बसले. त्याच्या कन्नडात सिनेमा लागतो त्याला 'बिडुगडे' म्हणतात, म्हणजे सुटका. तेव्हा सोडा म्हणजे जगापुढे सोडा आणि टाका म्हणजे केरात टाका. त्याचं एक अक्षर चुकलं नव्हतं आणि माझंही नव्हतं. दामोदर इतका हसला की त्याला चष्मा काढून ठेवावा लागला. मी प्राणेशला म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. तो म्हणाला पासवर्ड दुकानातल्या कॉम्प्युटरात आहे आणि वऱ्हाड जेवल्याशिवाय त्याला हलता येत नाही. देवश्रीला काहीतरी कर म्हटलं, तर ती तांत्रिक अडचणी सांगायला लागली. एरवी तिला कधी कसली अडचण येत नाही.

दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. फोन बघता बघता म्हणाली, "आई, कोणीतरी कन्नडमध्ये लिहिलंय. पडायच्या आधी इयरफोन घालून ऐका. सगळे त्याच्याखाली तेच लिहितायत." तिनं आपले मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि तो प्रसंग लावला.

हलगी नव्हती. हॉलचा कल्ला होता, पंखे होते. प्राणेशचा कॅमेरा मॅटला अगदी लागून असणार, कारण दोघींचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि मग एक बारीक आवाज, खालून आल्यासारखा. "अक्का, बिडु... कै... कै..." कल्पनाचा. सोड, हात, हात. महानंदा लगेच म्हणाली, "सरी सरी," आणि तिनं हात ढिला केला. पंच पलीकडच्या बाजूला वाकून पाठ लागतेय का ते बघत होते, त्यांच्या कानावर काही गेलं नाही. महानंदानं त्यांच्याकडे मान वळवली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कल्पना वेदनेनं कूस बदलून उलटली आणि हिची पाठ लागली. शिट्टी.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. 'सरी सरी' ती कशी म्हणाली होती, तर रडणाऱ्या धाकट्या बहिणीला म्हणावं तशी. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. माझ्या हातात ही गोष्ट पंधरा दिवस होती, आणि मी तिला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून फिरत होते.

अण्णांना फोन केला. त्यांनी आधीच ऐकलं होतं. मग म्हणाले, "अक्का, ती सुटली न्हाई, सोडली हाय, ह्ये मला त्याच दिवशी म्हाईत हुतं. एवडी कुस्ती कळती मला. कशापायी सोडली त्येवडं म्हाईत न्हवतं, आन इचारायचं भ्या वाटत हुतं." मागून भांड्यांचा आवाज येत होता. महानंदा स्वयंपाक करत होती आणि अण्णा म्हणाले आज त्यांनी तिला भाकरी थापू दिली नाही, स्वतः थापतायत, वाकड्या होतायत.

संध्याकाळी प्राणेशचा फोन. "अक्का, दुकानात आलो. काढू काय?"

"राहू दे," मी म्हटलं. मग घाबरून नीट सांगितलं, "राहू दे म्हणजे काढू नका. हात लावू नका. जिथे आहे तिथे, जशी आहे तशी." बाकीच्या कुस्त्याही त्याच्या कॉम्प्युटरच्या केराच्या टोपलीतच आहेत, अजून पालिकेनं उचललेल्या नाहीत. त्या बाहेर काढून दाखवा म्हटलं. टाका हा शब्द वापरला नाही.

मुकुलनं मेसेज करून त्यांचा प्रस्ताव मागे घेतला. त्यावर मी अंगठा पाठवला. किती हलकं वाटलं त्याला तोड नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

कल्पना आली होती आनेकलला. हात गळ्यात बांधलेला, सोबत आई अनुसूया. मी मुद्दाम गेले. मायलेकी कन्नडात बोलत होत्या, माझं कन्नड बाजारापुरतं, अण्णा मधूनमधून सांगत होते.

कल्पनाला आपण ओरडलो हे आठवतच नव्हतं. हातातून कळ गेली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मग एकदम शिट्टी आणि लोक उचलून घेतायत. कोपराचा सांधा निखळला होता, रात्री घरी जाऊन कळलं. नुराचं कानावर आलं तेव्हा तीही घरात रडून बसली होती, कारण बोट तिच्याकडेही होतंच. स्वतःचा आवाज व्हिडिओत ऐकला आणि काल सकाळी आईला म्हणाली, चल. समितीच्या कचेरीत लेखी देऊन मगच इकडे आली होती.

अनुसूयाबाईंनी महानंदाचा हात हातात घेतला आणि काहीतरी बरंच बोलल्या. अण्णांनी ते मला सांगितलं नाही, नाक शिंकरायला बाहेर जाऊन आले. कल्पना गदा परत द्यायला लागली तेव्हा मात्र ते पैलवान झाले. "पंचाचा निकाल म्हंजे निकाल. पाठ लागली न्हवं हिची? मग न्या ती."

दोघी मुली मॅटच्या कडेला बसल्या तशी मी महानंदाला विचारलं, "अगं, समितीसमोर का नाही सांगितलंस? मला तरी सांगायचं."

"हारल्यावर सगळीच कायतरी सांगत्यात, काकू. पुरावा काय माझ्याकडं? कल्पनाला सुदिक आठवत न्हवतं." ती मॅटची शिवण नखानं उकरत होती. "मला वाटलं, व्हिडिओ आला की सगळ्यांना ऐकू येईलच. म्हनून गप बसले. मग तुमी म्हनला येनार न्हाई. आनि समितीत आला, तर हलगी घेऊन आला."

तिनं हे काही टोमणा म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. तेवढ्यात कल्पनाच हलगीवरून हसायला लागली, आणि मग महानंदासुद्धा.

शुक्रवार, ५ डिसेंबर

समितीचा निर्णय आला. आळ निराधार. महानंदाला शिबिरात प्रवेश, परवा हजर व्हायचं. अण्णांनी फोनवर मला पत्र दोनदा वाचून दाखवलं, एकदा मराठीत अर्थ सांगून, एकदा नुसतं कन्नडात, चव घेत. तालमीत मुली परत यायला लागल्यात. दोघी तर नव्याच, एका आईनं विचारलं म्हणे, "ती सरी सरी म्हणणारी इथलीच ना?"

सोसायटीतल्या लोकांनीही लिफ्टमध्ये अडवून पुढचं मैदान कधी म्हणून विचारलं. त्यांना तिकीट काढावं लागेल हे मी स्पष्ट सांगितलं. कुस्त्या नंतर फुकट बघायला मिळतील, आधी आणि समोर बसून बघायच्या तर तिकीट. देवश्रीनं यावर फक्त भुवया वर केल्या. तेवढं तिला चालवून घेते.

रविवार, ७ डिसेंबर

महानंदा सकाळी शिबिराला गेली. दामोदर दुपारी झोपला होता, देवश्री बाहेर. घरात कोणी नाही म्हणून मी कुस्ती लावली. पहिल्या शिट्टीपासून.

आणि बघता बघता लक्षात आलं, की ही मी पहिल्यांदाच बघतेय. त्या दिवशी मी मॅटकडे पाठ करून लोकांचे मोबाइल खाली करत होते. नंतर तो शेवटचा प्रसंग तेवढा पुन्हा पुन्हा पाहिला, आणि प्राणेशची फिल्म तर मी पाकळ्यांना वैतागून कधी धड पाहिलीच नाही. सगळ्या गावानं तो एक तुकडा पाहून नुरा आहे की नाही यावर रान उठवलं आणि मीही त्याच तुकड्यावर रडले.

किती सुंदर कुस्ती होती. दोघी सुरुवातीला नुसत्या एकमेकींचा अंदाज घेत फिरतात, मग कल्पना झेपावते आणि महानंदा तिला अंगावरून जाऊ देते, जराही घाई न करता. एकदा कल्पनानं तिला पार कडेला नेलं, मी उठून उभी राहिले, निकाल पाठ असूनही. आणि मधे एक क्षण असा येतो, की महानंदा खाली बसल्यासारखी होते आणि उठते ती कल्पनाला खांद्यावर घेऊनच. मी ते थांबवून मागे नेलं, पुन्हा पाहिलं.

फोन लावला. शिबिरात संध्याकाळपर्यंत फोन जवळ असतो म्हणाली होती. उचलला. "काय झालं काकू?" आवाजात धास्ती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची ही गत केलीय, की माझा फोन आला की काय झालं म्हणून विचारते.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "तुझी कुस्ती बघितली. अख्खी. किती छान खेळलीस गं."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "कुठली पकड आवडली?"

मला नावं येतात कुठे. मी आपलं सांगितलं, "ती, तू खाली बसतेस आणि तिला खांद्यावर घेऊनच उठतेस, ती."

"कलाजंग," ती म्हणाली. "वर्षभर घोटली हुती, काकू. ती कुनी बघितलीच न्हाई असं वाटत हुतं मला."

"थांब, पुन्हा लावते," मी म्हटलं. "तू सांग, कुठे बघू."

आणि ती सांगायला लागली.